डाव्या चाकाचे नट
गिअर ऑइलचा उग्र वास आला की मुलुंडच्या आमच्या सोसायटीतला तो रविवार आठवतो. बाबांच्या जुन्या अमेरिकन गाडीचं इंजिन इतकं ताकदवान होतं की मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, दोनदा तुटला होता, म्हणून आम्ही दोघांनी खपून जास्त दणकट अ‍ॅक्सल बसवला. उजवं चाक बाबांनी लावलं, डावं मी. मी हात धुवायला वर गेले तेवढ्यात ते आईला घेऊन चक्कर मारायला निघाले, आणि साबण लावताना माझ्या मनात आलं, जॅक काढल्यावर मी नट पुन्हा आवळले का? काही केल्या आठवेना. ओल्या हातांनीच आईला फोन लावला. दोनदा नुसताच वाजत राहिला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अगं, झकास पळतेय." "आई, बाबांना गाडी थांबवायला सांग. डावं चाक बघू दे." मग बराच वेळ फक्त रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. शेवटी बाबा फोनवर आले. "तीन ढिले होते," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर ते ओरडतील म्हणून मी जिन्यातच थांबले, तर म्हणाले, "पुढच्या वेळी दोन्ही चाकं तूच लाव." आता लावते मीच, पण गाडी गेटबाहेर पडण्याआधी डाव्या चाकाचे नट अजून पुन्हा एकदा आवळून बघते.