पुण्यालाही बरं, नागपूरलाही बरं

एकाच सकाळी एकाच घरासमोर सामान न्यायला दोन ट्रक येऊन उभे राहिले, की समजावं, त्या घरातली बाई वारली आहे.

आमच्या घरातली, म्हणजे माझी बायको कुंदा, त्याच्या वर्षभर आधी गेली होती. ती असती तर दुसरा ट्रक आलाच नसता. (पहिलाही आला नसता.) कारण आमच्या संसारात 'नाही' म्हणण्याचं खातं तिच्याकडे होतं आणि 'बरं' म्हणण्याचं माझ्याकडे. मी इथल्या, हिंदी मुलखातल्या, कारखान्याच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होतो. लोक पुस्तक मागायचे, मी काढून द्यायचो. तीस-पस्तीस वर्षांत 'नाही' म्हणायची वेळच आली नाही. घरी विमा एजंट आला, वर्गणीवाले आले, कुणाला वर्षभरासाठी आमची वरची खोली हवी असली, की मी 'बरं' म्हणायचो. मग आतून कुंदा पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "नाही हो, जमायचं नाही आम्हाला." आणि नवल म्हणजे तो माणूस चहा पिऊन, तिला नमस्कार करून आनंदानं परत जायचा! माझ्या होकारानं इतका आनंद कधी कुणाला झाला नाही.

तिच्या तेराव्याला दुपारी मी स्वयंपाकघरात उभा होतो. दूध तापत ठेवलं होतं, आणि ते उतू जाऊ नये म्हणून त्याच्याकडे पाहत राहणं एवढं एकच काम मला जमत होतं. नितीन, माझा मुलगा, मागे येऊन उभा राहिला.

"बाबा, आता इथे एकटे नका राहू. पुण्याला चला आमच्याकडे. कायमचे."

"बरं," मी म्हटलं.

(दूध उतू गेलं.)

तासाभरानं गच्चीवर वाळलेल्या साड्या काढायला गेलो. कुंदाच्याच होत्या. त्यांच्या घड्या करताना मेघा, माझी मुलगी, नितीनहून मोठी, रडत म्हणाली, "बाबा, नागपूरला या माझ्याकडे. मला सांगा, याल ना?"

आईच्या साडीत तोंड खुपसून रडणाऱ्या मुलीला 'नाही' म्हणणारा बाप मी तरी पाहिलेला नाही. "बरं," मी म्हटलं.

तरीही हे संध्याकाळपर्यंत उघडकीला आलं असतं. पण संध्याकाळी त्या दोघांचं भांडण झालं. आईचं दुखणं लक्षात यायला उशीर झाला, तो कुणामुळे, यावर. मेघा म्हणाली, "तू दर महिन्याला येऊन जातोस, तुला दिसलं नाही?" नितीन म्हणाला, "तू रोज फोन करतेस, तुला ऐकू आलं नाही?" मी तर तिच्याबरोबर एकाच घरात राहत होतो, पण माझ्याकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती! त्या संध्याकाळपासून बहीणभावाचं बोलणं बंद झालं. जाताना दोघांनी मला वेगवेगळं बाजूला घेतलं आणि एकच वाक्य सांगितलं. नितीन म्हणाला, "ताईला तुम्हीच सांगा." मेघा म्हणाली, "नित्याला तुम्हीच सांगा."

दोघांनाही काय म्हणालो असेन, ते वाचकांच्या लक्षात आलं असेल.

आमचे गुरुजी म्हणाले होते की वर्षश्राद्ध होईपर्यंत घर हलवू नका, रोज दिवा लागला पाहिजे. मला हायसं वाटलं. वर्ष म्हणजे पुष्कळ झालं. तेवढ्यात आपलाही नंबर लागून जाईल आणि मग कुणालाच नाही म्हणावं लागणार नाही, अशी मला प्रामाणिक आशा होती. पण माझं नशीब तेवढं कुठलं! जेवण कमी झालं, गोड बंद झालं, झोप येईना म्हणून पहाटे चालायला लागलो, आणि वर्षानुवर्षं न हललेली साखर एकदम ताळ्यावर आली. डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाले. "वा, काका! क्या किया आपने?"

"पत्नी गुज़र गई," मी म्हटलं.

त्यांनी रिपोर्ट घडी करून परत दिला.

वर्षभर दर रविवारी दोन फोन यायचे. सकाळी पुणे, दुपारी नागपूर. हवा, पाणी, भाजी, माणसं, सगळ्याची तुलना चालायची. फक्त ती तुलना चाललीय हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मला स्वतःला दोन्हीपैकी कशातच रस नव्हता. लोक शहर निवडताना बाजार किती लांब, स्टेशन किती लांब ते विचारतात. मी नितीनला विचारलं, "तुमच्याकडून स्मशानघाट किती लांब आहे?"

त्यानं विषय बदलला. मग पुढच्या रविवारी त्यानं चौकशी करून सांगितलं (मुलगा तसा जबाबदार आहे), "बाबा, जवळच आहे. ट्रॅफिक नसेल तर वीस मिनिटं."

"ट्रॅफिक असला तरी मला घाई नसेल," मी म्हटलं.

"बाबा, प्लीज यार!"

तोच प्रश्न मेघाला विचारला, तर ती आधी रडली, मग चिडली, आणि शेवटी नागपूरच्या अभिमानानं म्हणाली, "लांब-जवळ सोडा, पण इथे माणसं येतील बाबा. पूर्ण गल्ली येईल. पुण्यात चार खांदेकरी ॲपवरून मागवावे लागतात म्हणे."

"नागपूरला मे महिन्यात लाकडं कमी लागत असतील, नाही?"

"बाबा!" तिनं फोन आपटला. पुढच्या रविवारी मात्र बरोबर वेळेवर लावला.

असं करत करत वर्षश्राद्ध आलं आणि दोन्ही मुलं आली. ट्रक कधी बोलवायचा, याचा मुहूर्त दोघांनी आपापला, फोनवरून, त्याच गुरुजींना विचारला होता. गुरुजींनी दोघांनाही श्राद्धानंतरचा तिसरा दिवस सांगितला. त्यांचं काही चुकलं नाही. नंतर मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घर एक, यजमान एक. दोन मुहूर्त कसे देणार?"

श्राद्ध आटोपलं, ब्राह्मण जेवून गेले, आणि मी मनाशी ठरवलं की आता सांगायचं. पुढच्या खोलीत आलो, तर नितीन माझी पुस्तकं खोक्यात भरत होता. आत गेलो, तर मेघा स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी दोघांच्या मधल्या दारात उभा राहिलो. तेवढ्यात मेघानं आतून हाक मारली, "नित्या, टेप आहे का रे?"

वर्षभरातलं तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य.

"देतो ना ताई," तो म्हणाला, आणि टेप घेऊन पळत गेला!

काय झालंय ते मला हळूहळू उमगलं. भाऊ सामान भरतोय हे पाहून मेघाला वाटलं, यानं नागपूर मान्य केलं, वर मदतीलाही लागला. बहीण भांडी बांधतेय हे पाहून नितीनला वाटलं, ताईनं पुणे मान्य केलं. दोघंही एकमेकांच्या मोठ्या मनानं अगदी विरघळून गेले होते. आणि हरलेल्यासमोर गावाचं नाव काढून त्याला खिजवायचं नाही, एवढं वळण कुंदानं दोघांनाही लावलेलं होतं. दोन दिवस त्या घरात कुणी ना पुण्याचं नाव काढलं, ना नागपूरचं!

"ताई, तू बस. किती करशील?"

"अरे, तू एवढं करतोयस, मग मी काय बसून राहू?"

नितीन मला हळूच म्हणाला, "ताई बदलली हं, बाबा." मेघा मला हळूच म्हणाली, "नित्याचं मन खरंच मोठं आहे हो." माळ्यावरचं काढताना दोघांना लहानपणीचा कॅरम सापडला आणि ते सोंगट्यांवरून भांडायला लागले, पूर्वीसारखे, खोटंखोटं. मग मेघा हसली. त्या घरात वर्षभर कुणी हसलं नव्हतं. मी तरी नक्कीच नाही.

आता सांगा, त्या वेळी तोंड उघडायचं कसं? मी खुर्चीत बसून राहिलो. (थोड्या वेळानं खुर्चीही बांधली गेली.)

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आले. इंद्रपुरी वसाहतीतल्या आमच्या गल्लीत एक रिक्षा वळायची म्हटली तरी माणसं ओट्यावर चढतात. तिथे दोन ट्रक समोरासमोर तोंड करून उभे राहिले. शेजारचे तिवारीजी, कारखान्यातले माझे जुने सहकारी, दात घासत बाहेर आले.

"भाईसाहब, दो-दो ट्रक! इतना सामान था आपके पास? कभी दिखा नहीं!"

"हाँ, बस..." मी म्हटलं.

दोन्ही गाड्यांची माणसं घरात शिरली. कुणी कुणाला विचारलं नाही. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचललं आणि आपापल्या ट्रकमध्ये नेऊन ठेवलं. पलंग पुण्याच्या ट्रकमध्ये चढला, गाद्या नागपूरच्या. कुकर पुण्याला, त्याची शिट्टी नागपूरला. मोठ्या शब्दकोशाचे पहिले खंड एकीकडे, उरलेले दुसरीकडे. म्हणजे यापुढे मला अर्धी भाषा एका गावात आणि अर्धी दुसऱ्या गावात वापरावी लागणार होती. नितीन कौतुकानं म्हणाला, "ताई, तू पण गाडी मागवलीस? एकात मावलं असतं गं." मेघा म्हणाली, "मी तेच म्हणणार होते. तुझी कशाला?"

आणि मग एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मैडम, नागपुर में डिलीवरी कौन से एरिया में?"

"नागपूर?" नितीन म्हणाला.

"अरे भाई, माल तो पुणे का है," दुसरा ड्रायव्हर म्हणाला.

"पुणे?" मेघा म्हणाली.

दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे. मी आत गेलो. दोघं मागोमाग आत आली. बसायला काही शिल्लक नव्हतं, त्यामुळे जे काय झालं ते उभ्यानंच झालं.

"बाबा, तुम्ही मला हो म्हणाला होतात!"

"मलाही म्हणाले होते!"

"मग सांगितलं का नाहीत? वर्ष होतं तुमच्याकडे!"

"दोन दिवस तर आम्ही इथेच होतो! तुमच्या डोळ्यांसमोर!"

"बाबा, काहीतरी बोला!"

तेवढ्यात पुण्याचा ड्रायव्हर दारात आला. "अंकल, स्कूल बस फँसी है। निकलूँ मैं?"

"हाँ, ठीक है," मी म्हटलं.

"आत्ताच सांगा," मेघा म्हणाली. "पुणे की नागपूर? एक सांगा. ज्याला नाही म्हणायचं त्याला तोंडावर म्हणा."

मी दोघांकडे पाहिलं. एकाला नाही म्हटलं की तो या दारातून जाणार, आणि दुसऱ्याशी पुन्हा बोलणार नाही, हे मला दिसत होतं. मागचं वर्ष मला पुन्हा नको होतं. दारात नागपूरचा ड्रायव्हर आला. "मैं भी निकलूँ, अंकल?" "हाँ हाँ," मी म्हटलं, आणि मुलांना सांगितलं, "हे बघा, तुम्ही दोन दिवस एकमेकांशी बोलत होतात. मेघा, तू हसलीस. मला ते मोडायचं नव्हतं. ट्रक येतील हे माहीत होतं. पण मला वाटलं, आणखी एक दिवस."

मग नितीन हळूच म्हणाला, "ताई, म्हणजे तू मला मदत करत नव्हतीस?"

"मी कशाला? तू मला करत होतास ना?"

"मी तर समजत होतो, तुझं मन किती मोठं!"

"मी पण तुला तेच!" मेघा म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मग त्यालाही. मग दोघंही त्या रिकाम्या खोलीत, भिंतीला पाठ टेकून, खाली बसून हसत राहिली. हसता हसता मेघा रडायला लागली आणि नितीननं तिचं डोकं खांद्यावर घेतलं. "नसेल ऐकू आलं गं तुला," तो म्हणाला, "मलाही नाही दिसलं." मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. अशा वेळी बापानं खिडकीतून बाहेर पाहायचं असतं.

बाहेर गल्ली रिकामी होती.

"ट्रक कुठे आहेत?" मी विचारलं.

दोघं धावत बाहेर गेली. तिवारीजी अजून ओट्यावर होते. "दोनों निकल गए, बेटा! बाबूजी ने ही तो बोला।"

नंतर जे ऐकून घेतलं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की बहीणभावाचं इतकं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक वाक्य सुरू करायचा, दुसरी पूर्ण करायची! "आईनं कसे काढले दिवस—" "—या माणसाबरोबर!" फोन लावले, तर ड्रायव्हर उचलेनात, उचलले तेव्हा दोघंही शहराबाहेर बऱ्याच लांब, दोन वेगळ्या रस्त्यांना लागलेले. सामान दोन्हीकडे उतरवून घ्यायचं, आणि पुढे काय ते दोघांनी मिळून ठरवायचं, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

त्यामुळे सध्या मी इंद्रपुरीतच आहे, तिवारीजींनी दिलेल्या खाटेवर. नितीन आणि मेघा रोज संध्याकाळी तासभर फोनवर बोलतात. एकमेकांशी. माझे रविवारचे फोन बंद झाले आहेत. त्यांना आता वेळ होत नाही. घरात कुणी नाही, पण कुणाचं कुणाशी वाकडंही नाही. कुंदाला हे सांगायला हवं होतं, असं दिवसातून एकदा तरी मनात येतं.

परवा तिवारीजींनी कुंपणावरून हाक मारली. "बधाई, भाईसाहब! बच्चों ने तय कर लिया। सर्दी में नागपुर, गर्मी में पुणे।"

"अच्छा? कब?"

"पिछले हफ़्ते। आपको नहीं बताया?"

"नहीं।"

तिवारीजी जरा घुटमळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बिटिया बोल रही थी, 'अंकल, बाबा को अभी मत बताइएगा। बीच में किसी तीसरे को हाँ बोल देंगे।'"

कुंदाच्या इंदूरच्या बहिणीचा फोन त्याच सकाळी येऊन गेला होता.