केसरआत्याचा सूर

केसरआत्याच्या आवाजाची नक्कल केली नाही असं पोर आमच्या आळीत सापडायचं नाही. कोलंबी महागली हे ती ज्या सुरात सांगते, त्याच सुरात शेजारच्या गवताच्या उडवीला आग लागल्याचं सांगते. एकदा खरंच लागली होती. तिचा भाचा परेश आधी चहा संपवून मग उठला, कारण तिच्या बोलण्यावरून काही घाईचं असेल असं त्याला वाटलंच नाही!

ही आत्या धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मांडवात बसून ती धवले म्हणते. हळद, तेल, देव, पाठवणी, सगळे विधी त्या गाण्यातूनच पुढे सरकतात. धवल्याला तान नाही की मुरकी नाही. ओळ सुरू होते तशीच संपते आणि मागच्या बायका ती तशीच उचलतात.

या वैशाखात परेशच्या बहिणीचं, जागृतीचं लग्न निघालं. या दोघांची आई लवकर गेली, तेव्हापासून आत्यानेच त्यांना वाढवलं. परेशचे आता दोन ट्रक आहेत, हौस दांडगी. त्याने डीजे सांगितला, ड्रोनवाला सांगितला आणि आत्याला म्हणाला, "आत्ये, तुझा जरा एकसुरी वाटतंय गो. व्हिडिओत लोका कंटालतील. थोडा चढवउतरव कर, नायतर आपून रेकॉर्ड लावू."

आत्या तडक माझ्याकडे आली. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून शब्दांची तक्रार घेऊन सगळे माझ्याच दारात.

"क्रांती, एकसुरी म्हंजे काय गो?"

"एकाच सुरातलं. चढउतार नसलेलं."

"मंग ता वंगाल हाय का?"

आता काय सांगू? शब्दात वाईट काहीच नाही. पण वापरतो कुठे आपण? भाषण रटाळ झालं की एकसुरी, संसाराला कंटाळलो की आयुष्य एकसुरी. वक्तृत्व स्पर्धेत मीच हा शेरा मारून गुण कापते. मी म्हटलं, "लोक नावं ठेवायलाच वापरतात, आत्ये." तिचा चेहरा एवढासा झाला. जागृतीच्या लग्नात आपल्या जागी रेकॉर्ड वाजणार, ही कल्पनाच तिला सोसेना.

मग सुरू झाली तालीम. पहाटे विहिरीवर आत्या आवाज वर चढवायची, तो तिथेच अडकायचा, मग धपकन खाली यायचा. म्हशी बुजल्या. मला हसूही येत होतं आणि परेशचा रागही.

हळदीच्या दिवशी बायका घाणा भरायला, म्हणजे लग्नाचं भात कांडायला बसल्या. एकाच उखळात आळीतल्या रतन आणि जनी समोरासमोर मुसळ घालत होत्या, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. हे हात धवल्यावर चालतात. आत्याने तिसऱ्या ओळीला सूर उचलला आणि तो लांबवला, लांबवला. रतनचं मुसळ वरच थांबलं, जनीचं नको तेव्हा उतरलं, दोन्ही एकमेकांवर खाडकन आपटली. भात अंगणभर. मागच्या बायकांपैकी कुणी वर, कुणी खाली, एक तर सरळ गप्पच.

"आत्ये," पाटावरून जागृती ओरडली, "नेहमीसारका म्हण गो! मना कलतच नाय, आता काय करायचा ता!"

बायका खो खो हसल्या. आत्याने परेशकडे पाहिलं. तो खाली बसून भात गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हण तुझ्यासारकाच."

आत्याने घसा खाकरला आणि सपाट, सरळ, आपल्या आवाजात पहिली ओळ घेतली. मुसळं चालू झाली. त्या आवाजाखाली बायका गप्पा मारू लागल्या, कुणी लेकराला पाजलं, कुणी जागृतीला हळद लावली. धवला चालूच.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. डीजे बंद झाला आणि मांडवात एकच रडारड. ट्रकवाला परेश खांबाला धरून हुंदके देत होता. जागृतीचे पाय उचलेनात. तेवढ्यात धवला सुरू झाला, देवाला नमस्कार कर, चुलीला कर, उंबऱ्याला कर. जागृती एकेक करत गेली. मी आत्याच्या शेजारीच उभी होते. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, हनुवटीवरून लुगड्यावर टपटपत होत्या, आणि आवाज तसूभर हलत नव्हता. कशी म्हणत होती कोण जाणे. तो हलला असता तर पोर उंबऱ्यातच कोसळली असती. त्या आवाजाला धरूनच ती गाडीत बसली.

गाडी वळणाआड गेल्यावर आत्याने ओळ पुरी केली. मग मांडवात फतकल मारून बसली आणि रडली. अशी रडली, आवाज वर गेला, खाली आला, मध्येच हेल काढला, की परेशला डोळे पुसता पुसता हसू फुटलं, आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरून तो तिच्या कुशीत शिरला.