प्रवचनानंतर बाहेर

कुसगावच्या आमच्या मेकॅनिकनं पन्नाशीत कॅथलिक व्हायचं ठरवलं. वर्षभर शिकवणी चालली. अजून बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून दर रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, प्रवचन संपलं की फादर त्याला धडा वाचायला बाहेर पाठवत; पुढचा भाग फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. तो पुस्तक पायरीवर ठेवी आणि आमच्या स्कूटर उघडून बसे. माझा कार्बोरेटर त्यानं तीनदा साफ केला, दोनदा मी न सांगता.

"आत घेत न्हाईत, मग हात तरी चालवतो," म्हणायचा.

ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या रविवारी प्रवचन संपलं, तरी तो पहिल्या बाकावरून हलेना. सवयीनं सगळं चर्च त्याच्याकडे बघू लागलं. फादरसुद्धा.

"तुमच्या स्कूटरचा ब्रेक मिस्सा झाल्यावर बघतो, फादर," तो मोठ्यानं म्हणाला. "आता मी आतला हाय."