वही मीच दिली होती

आमची श्रुतिका पाळण्यात होती, तेव्हा साकीनाक्याच्या आमच्या खोलीला लागून पत्रे कापायचा कारखाना होता. प्रेस मशीन दिवसभर ठकठक करायचं आणि नात गाढ झोपायची. रविवारी कारखाना बंद असला की रडून चाळ डोक्यावर घ्यायची. मग मी झांजेवर तोच ठेका धरायचा. सून सुगंधा म्हणायची, "आबा, पोरीला झोपवताय की नाचवताय?"

आम्ही संगमेश्वरकडचे. गणपतीला गावी गेलो की जाखडी आलीच. मधे शाहीर बसतो, भोवती घुंगरं बांधलेले फेर धरतात. मुंबईत तिचे सामने होतात. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले, आणि गाण्यातून एकमेकांची जिरवायची. आम्ही शक्तीवाले. सहा वर्षांची असताना श्रुतिका फेराच्या मधे जाऊन बसली, ती उठलीच नाही.

गाणी आमच्या गुरूंच्या वहीतली. वही माझ्याकडे, लाल फडक्यात. गावच्या शाळेत मास्तरांनी छडीने माझं अक्षर वळवलेलं, म्हणून गाणी उतरवायचं काम माझ्याकडे आलं. नियम एकच, गायचं ते वहीतलं.

श्रुतिका अंधेरीला चष्म्याच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकाचा नंबर लिहायच्या चिठ्ठ्या असतात ना, त्यांच्या पाठीमागे ती स्वतःची गाणी लिहायची आणि मला वाचून दाखवायची.

"छान आहे. ठेवून दे," मी म्हणायचो.

"आबा, वहीतली सगळी गाणी पुरुषांची. कृष्ण होऊन मीच गवळणींची वाट अडवायची?"

"अडव. गुरूंनी लिहिलंय."

गेल्या वर्षी मुलुंडच्या हॉलमध्ये तिचा शाहीर म्हणून पहिला सामना ठरला. समोर बोरिवलीचा बाळा शाहीर, तुरेवाला, मुरलेला गडी. मंडळाने बजावलं होतं, आज पडलीस तर परत कोरसमध्ये. तिने वहीतली सहा गाणी घोटून पाठ केली.

पहिली बारी बाळाची. त्याने तोंड उघडलं आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला. गाणं आमचं. शब्दन्‌शब्द आमचा. दुसरं गाणं, तेही आमचं. तिसऱ्याला आमचा ढोलकीवाला नितेश कपाळाला हात लावून बसला.

श्रुतिका माझ्याकडे वळली. "आबा, आपली वही याच्याकडे कशी गेली?"

आता लपवून काय करू? पंचवीस वर्षांपूर्वी हा बाळा शेजारच्या त्याच प्रेसवर कामाला होता. गळा असा, की मशीनच्या आवाजातही ऐकत राहावं. "काका, आठ दिवस वही द्या, उतरवून घेतो," म्हणाला. दिली. समोरच्या बाजूला वही देणारा आमच्या अख्ख्या तालुक्यात मी एकटाच निघेन. वर चहाही पाजला होता.

"मीच दिली," मी म्हटलं.

"हे आता सांगताय?"

"आता आठवलं."

"वाट लागली माझी. गाऊ काय?"

मी जरा घुटमळलो. मग विचारलं, "त्या चिठ्ठ्या आणल्यास का गं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी झांज उचलली. पर्समधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून तिने मांडीवर ठेवला, पण सुरुवात केली ती चिठ्ठीत नसलेल्या ओळींनी. तिथेच जुळवलेल्या.

"माझ्या आज्यानं दिली वही, तू झालास गाणारा,
उसन्या तेलावर बुवा, दिवा किती जळणारा?"

हॉलभर शिट्ट्या. मग चिठ्ठीतली गवळण आली. ही गवळण कृष्णाला म्हणते, आधी माझ्या गाई राख, धारा काढ, दही लाव, मग अडव वाट. बायका उठून उभ्या राहिल्या. बाळा पुढची बारी घ्यायला बसला, पण याला उत्तर वहीत नव्हतं. तो मांडीवर थाप मारून हसत सुटला आणि दोन्ही हात जोडून मोकळा झाला.

सामना संपल्यावर तो आमच्याकडे आला. माझ्या पाया पडला आणि श्रुतिकाला म्हणाला, "पोरी, ती गवळण आठ दिवस देतेस का? उतरवून घेतो."

"आबांकडे मागा," ती म्हणाली. "ते कुणालाही देतात."