नानांची चूकशाळा

जगात जे जे छापलेलं आहे ते चुकलेलंच असणार, फक्त ती चूक अजून कुणाला सापडलेली नाही, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो, मीही म्हणतो. पस्तीस वर्षं धुळ्याच्या एका छापखान्यात त्यांनी प्रुफं तपासली, निवृत्त झाल्यावर पारोळ्याजवळच्या आपल्या गावी परतले, आणि आता दर रविवारी सकाळी घराच्या ओट्यावर तिसरी-चौथीतल्या पोरांना चुका शोधायला शिकवतात. गावात याला चूकशाळा म्हणतात. मी जळगावला सरकारी कचेरीत आयुष्यभर टिपणं लिहिली, त्यामुळे शुद्धलेखनाशी माझं वैर नाही आणि फारशी मैत्रीही नाही. पण नानांकडे दोन तास बसून आलो की मला माझी सही तरी बरोबर आहे का, असा संशय येऊ लागतो.

आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मी मुंडावळ्या बांधून घाम पुसत बसलो होतो. भेटायला येणारा जो तो पाठीवर थाप मारून जात होता. नाना आले आणि त्यांनी माझ्या हातात माझीच लग्नपत्रिका ठेवली. तिच्यावर तांबड्या पेनाने अकरा खुणा होत्या. “साडूभाऊ, पुढच्या वेळेस आधी दाखवा,” एवढंच म्हणून ते जेवायला गेले. पुढची वेळ म्हणजे कुठली, याचा विचार मी मंगलाष्टकं संपेपर्यंत करत होतो. नवरीच्या गळ्यात हार घालायचा क्षण आला तेव्हा कुणीतरी मला ढोसलं, असं बायको अजून सांगते.

या माणसाला वाचायला काहीही चालतं. मिठाची पुडी, खताची गोणी, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू. घरी वरण-बट्टी असली की अक्का ताटाखाली वर्तमानपत्र घालत नाहीत, कारण एकदा तूप ओतलेली बट्टी तशीच टाकून नानांनी ताट उचललं आणि खालची बातमी तपासायला घेतली. लग्नाचं आमंत्रण घेऊन कुणी आलं की ते पत्रिका उभ्या उभ्या वाचतात, तांबडं पेन चालवतात आणि अक्षतांसकट परत देतात. “दुरुस्त करी आन, मंग येस,” म्हणतात. पंचक्रोशीत अशी तीन-चार लग्नं तरी झाली असतील की ज्यांना नाना केवळ दुरुस्ती झाली नाही म्हणून गेले नाहीत. अक्का एकट्याच आहेर घेऊन जातात आणि नानांची तब्येत बरी नाही, असं सांगतात.

चूकशाळेतली शिकवण्याची रीत तर माझ्या डोक्यावरून जाते. पोरांनी मजकूर शेवटून वाचायचा. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा, असं उलट चालत पहिल्या शब्दापर्यंत यायचं. मी विचारलं, “अहो, अशाने त्यांना अर्थ कसा कळेल?” नाना समाधानाने हसले. “कळायलाच नको. अर्थ मोठा लबाड असतो. अर्थ कळला की माणूस समोर नाही तेही वाचतो.” मला हे तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर घरी जाऊन कचेरीतलं एक जुनं पत्र मी उलटं वाचून पाहिलं, आणि ते सुलट वाचल्यापेक्षा जास्त समजलं, तेव्हा तर मी अधिकच गोंधळलो.

दुसरी रीत टाळ्यांची. एक पोर मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचणार, दुसरं छापील कागदावर बोट ठेवून पाहणार. स्वल्पविराम आला की एक टाळी, पूर्णविराम आला की दोन. सापडलेल्या प्रत्येक चुकीला मूठभर भुईमुगाच्या शेंगा, आणि बरोबर असलेलं उगाच दुरुस्त केलं तर दोन मुठी परत. या टाळ्यांनी एकदा घोळच केला. सव्वीस जानेवारीला शाळेत सरपंचांचं भाषण होतं. चूकशाळेची पोरं पुढच्या रांगेत दोन्ही हात उचलून पूर्णविरामाची वाट पाहत बसली. सरपंच काही विराम घेईनात. रस्ता, पाणी, तंटामुक्ती, सगळं एकाच वाक्यात चाललं होतं. पोरांचे हात दुखायला लागले. शेवटी सरपंच खोकायला थांबले, तेवढ्यात पोरांनी जीव खाऊन दोन टाळ्या मारल्या. मागच्या गावकऱ्यांना वाटलं, संपलं. त्यांनी असा कडकडाट केला की सरपंच नमस्कार करून खाली बसले. हल्ली ते नानांना भेटले की भाषण आवडलं का म्हणून विचारतात, आणि नाना काय उत्तर देतात हे मला माहीत नाही.

पण सगळ्यात पक्का नियम तिसरा. चूक सापडली की ती ज्याची त्याला आपल्या पायाने जाऊन दाखवायची, मागे बोलायचं नाही. त्यामुळे रविवारी दुपारी गावात जिकडेतिकडे दोन-दोन पोरं हातात कागद घेऊन फिरताना दिसतात. पिठाच्या गिरणीवाल्याने त्यांना बघून पाटीच काढून आत ठेवली. शिंपी मात्र पोरं येण्याची वाट बघतो, म्हणे.

एवढा नियमाचा माणूस, आणि त्याच्या घरात नऊ वर्षं एक गोष्ट रुतून बसली होती. नानांना एकच सख्खा भाऊ, धाकटा. त्याला सगळे आबा म्हणतात. घर मागच्याच गल्लीत. नानांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं तेव्हा पत्रिकेत दूरचे मामा होते, चुलत-चुलत भाऊ होते, किलबिल करणारी अजून न बोलणारी बाळंसुद्धा होती, आणि आबांचं नाव नव्हतं. त्या सुमारास विहिरीवरच्या मोटरीवरून दोघांत थोडी बोलाचाली झाली होती, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. भावाने भावाला मुद्दाम वगळलं, असं गावाने ठरवलं. आबा लग्नाला आले नाहीत. तेव्हापासून दोघं मारुतीच्या देवळात जात, पण एक बाहेर पडल्याशिवाय दुसरा आत शिरत नसे. अक्कांनी हजारदा विचारलं असेल. नाना म्हणायचे, “राहिलं ते राहिलं.”

आता धाकटीचं लग्न ठरलं होतं. अक्कांनी माझ्या बायकोला फोन केला, बायकोने मला पिटाळलं. काम एकच. पत्रिका छापायला जाण्याआधी तिच्यात आबांचं नाव घालून घ्यायचं. सख्खा काका या मुलीच्याही लग्नाला आला नाही, तर पुढे दोन्ही घरं एकमेकांना परकीच होणार, हे अक्कांना दिसत होतं. मी रविवारी सकाळी पोचलो तर चूकशाळा भरलेली. नानांनी मला नव्या पत्रिकेचा कच्चा कागद दाखवला. “काका” या शब्दापुढे एक ओळ कोरी होती.

“नाना, इथे नाव लिहा ना,” मी म्हटलं.

ते पेनाचं टोपण काढून परत लावत राहिले. “आणि लिहिल्यावर तो आला नाही तर? छापलेलं खोडता येत नाही, साडूभाऊ.”

तिकडे सरावासाठी पोरं नानांच्या कापडी पिशवीतून जुने कागद काढत होती. खुशी नावाची तिसरीतली मुलगी आहे, दोन वेण्यांची, शेंगा सगळ्यात जास्त मिळवणारी. तिने पिशवीच्या अगदी तळातून गंजक्या टाचणीने जोडलेले दोन कागद काढले. एक हाताने लिहिलेला, एक छापील. छापील तिने जोडीदार ओमकडे दिला आणि हाताने लिहिलेला स्वतः मोठ्याने वाचायला लागली. मधूनमधून टाळ्या पडत होत्या. मग एका नावाला ओमचं बोट अडलं.

“परत वाच.”

तिने परत वाचलं. ते आबांचं पूर्ण नाव होतं.

“नाना,” ओम ओरडला, “हाई नाव आठे नही शे!”

नानांचा चेहरा पडला. मी उठून कागद पाहिले. थोरलीच्या लग्नाची पत्रिका, आणि तिची मूळ प्रत. मूळ प्रतीत, नानांच्या गोल अक्षरात, काकांमध्ये पहिलंच नाव आबांचं. म्हणजे वगळलं नव्हतं, छापखान्यात अक्षरं जुळवताना गळलं होतं, आणि नानांच्या नजरेतून सुटलं होतं! मला आधी आनंद झाला आणि लगेच काहीच कळेनासं झालं. चूकच होती, तर हा माणूस नऊ वर्षं बोलला का नाही? मी तसं विचारलंही.

“काय बोलणार?” नाना खाली बघत म्हणाले. “पस्तीस वर्षं प्रुफं तपासली आणि स्वतःच्या पोरीच्या पत्रिकेत भावाचं नाव सोडलं, हे?”

“पण लोक तुम्हाला काय काय म्हणाले!”

“भावाशी वाईट वागला म्हणाले. तसे तर बठ्ठे, सगळेच वागतात.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “मूळ प्रत समोर घेतलीच नव्हती. सगळी नावं तोंडपाठ. वाचताना त्याचं नाव मला दिसलं हो. तिथे नव्हतं, तरी दिसलं.”

वाईट भाऊ म्हणवून घ्यायला तयार, पण वाईट प्रूफवाचक म्हणवून घ्यायला नाही, अशा माणसावर रागवायचं की त्याला जवळ घ्यायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. इतक्यात माझ्या लक्षात आलं की खुशी आणि ओम ओट्यावर नाहीत. कागदही नाहीत. नियमच होता ना. चूक ज्याची होती तो नाना, पण नाव ज्याचं गळलं तो मागच्या गल्लीत. पोरांनी आपला अर्थ लावला होता.

नाना अनवाणी कोपऱ्यापर्यंत धावले, तिथून परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. मग ओट्यावर बसून एका पोराची पाटी त्यांनी उगाच पुसली. थोड्या वेळाने गल्लीतून आबा आले. हातात मूळ प्रत, चालता चालता वाचत येत होते, मागे दोन्ही पोरं. ओट्याखाली उभे राहून त्यांनी कागद वर केला.

“हाई तुनंच अक्षर शे ना?”

“हां.”

“मंग नऊ वरीस का बरं सांगं नही?”

“चूक व्हती ना मनी,” नाना म्हणाले.

आबांनी कागदाची नीट घडी घातली. “माले वाटनं, तू माले खोडी टाकं.”

आबा ओट्यावर चढून नानांच्या शेजारी बसले. आतून अक्का चहा घेऊन आल्या आणि दोघांना एकत्र बघून कप न देताच उभ्या राहिल्या. पोरं गोंधळून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. शेवटी खुशीने धीर करून विचारलं, “नाना, शेंगा?” नानांनी शेंगांची अख्खी पिशवी तिच्या ओटीत रिकामी केली.

पत्रिकेत कोरी ओळ भरली गेली. त्यानंतरचं शेवटचं प्रूफ छापखान्यातून आबांच्या मोबाईलवर आलं, आणि दोघा भावांनी एकाच पडद्याला डोकं लावून ते पाहिलं. मूळ प्रत कुणी समोर घेतली नाही, टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. “बठ्ठं बरोबर शे,” असं दोघांनी एका सुरात कळवलं. आमच्या हाती पत्रिका आली तेव्हा बायकोने कागद जाड आहे का ते चिमटीत धरून पाहिलं आणि ती साड्यांच्या मागे लागली. मी वाचली. आबांचं नाव ठसठशीत होतं. मावश्यांच्या रांगेत “सौ. व श्री.” करून आम्हा दोघांचं नाव असायला हवं होतं, ते नव्हतं. मी पुन्हा पाहिलं. शेवटून पहिल्यापर्यंत, नानांच्या रीतीने, एकेक शब्द पाहिला. नव्हतंच. पत्रिका मी कपाटात जुन्या पासबुकांखाली ठेवून दिली. रागावायला हवं होतं का? रागावण्यासारखंच होतं. पण राग काही येईना, आणि तो का येत नाही, हेही कळेना.

लग्नाच्या दिवशी मांडवात मी पंगतीची वाट बघत उभा होतो, तेव्हा नव्या फ्रॉकमधली खुशी पत्रिका घेऊन माझ्यासमोर आली.

“काका, तुमनं नाव नही शे.”

“माहीत आहे.”

“नानाले सांगू?”

समोर नाना आबांच्या शेजारी बसले होते. चष्मा खिशात होता. त्यांच्या समोर व्यासपीठावरच्या फलकावर नवरा-नवरीच्या नावांभोवती एवढं काय काय लिहिलेलं होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना असं पाहत होतो की डोळ्यांसमोर अक्षरं आहेत आणि ते वाचत नाहीत. आबा कानात काहीतरी सांगत होते आणि नाना हसत होते.

“नाव माझं ना?” मी खुशीला म्हटलं. “मग तू ज्याचं त्याला दाखवलंस. नियम पाळलास. झालं.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं. हे नियमात बसतं की नाही, याचा तिने बराच वेळ विचार केला. मलाही ते ठाऊक नव्हतं. मग तिने पत्रिका काखेत धरली आणि मला एकट्यालाच ऐकू येतील अशा दोन टाळ्या वाजवल्या.