एक नंबरची सीट

माझ्या आत्याइतकी हट्टी बाई दौंड तालुक्यात दुसरी नाही, आणि असलीच तर तीही आत्याच्याच बसने देवदर्शन करून आलेली असणार. दौंड स्टेशनसमोरच्या एका खोलीत तिची ट्रॅव्हल एजन्सी: देवदर्शनाच्या सहली, आणि आठवड्याला एक नागपूरची बस. शिक्षण सातवी. मी पर्यटनाचा डिप्लोमा घेऊन तिच्या हाताखाली लागलो तेव्हा हौसेने प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं. तिनं चष्मा लावून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि विचारलं, "घाटात म्हातारीला उलटी झाली, तर ह्यातलं काय उपेगी पडंल?"

तिचा अभ्यासक्रमच वेगळा. सहल ठरली की ती घरोघर चहा पिऊन यायची. कुणाचे गुडघे धरतात, कोण घोरतं, बांधावरून कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, सगळं तोंडपाठ. वरवंडच्या दोन अबोल भावांना तिनं बसच्या दोन टोकांना बसवलं, दोघांनाही खिडकी दिली आणि तुझीच खिडकी चांगली, असं दोघांनाही एकेकटं गाठून पटवलं. मी डिप्लोमाला पहिला आलो होतो, पण हा पेपर मला अजून सुटत नाही.

आणि एक नंबरची सीट, ड्रायव्हरच्या मागची, ती एकटीनं प्रवास करणाऱ्या बाईची. तशी कुणी नसली तर तिथं पाण्याचे जार बसायचे, पण पुढारी नाही.

एकदा शेतकरी मंडळाचे अध्यक्ष आले. आमचा अख्खा उन्हाळा त्यांच्या सहलीच्या दोन बसवर चालायचा. त्यांना नागपूरच्या बसमध्ये एक नंबरची सीट हवी होती आणि ती नर्सिंगला निघालेल्या एका पोरीला दिलेली. अध्यक्ष चिडले. "अक्का, सातवी शिकून एजन्सी चालवताय, म्हणून हे असलं. मॅनेजर शिकलेला पायजे."

मी टेबलाखालून आत्याचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"सातवीच हाय मी. फुडची शाळा हितं दौंडात, आन् आमी ऱ्हायाला खुटबावला. पोरीनं एकटीनं गाडीत बसायचं न्हाई, म्हनून माज्या वडलांनी दप्तर काढून घेतलं. तवाच ठरवलं, माज्या गाडीत एकटी पोरगी सगळ्यात फुडं बसंल. तुमी सहलीला बस दुसरीकडनं घ्या."

त्यांनी खरोखरच घेतली. तो उन्हाळा आम्ही माश्या मारल्या. मी रोज कुरकुरायचो, ती रोज एक नंबरची सीट फडक्यानं पुसायची.

पुढच्या वर्षी अध्यक्ष परत आले. घुटमळत म्हणाले, "अक्का, लेकीला नागपूरला कॉलेजला ॲडमिशन मिळालीय. एकटीच जानार हाय. ती फुडची सीट..." आत्यानं एक नंबरवर तिचं नाव लिहिलं.

आता तिचे गुडघे धरतात, एजन्सी मी बघतो. परवा ती पहिल्यांदाच प्रवासी म्हणून निघाली, तेव्हा मी एक नंबरवर तिचं नाव टाकलं. तिनं ते खोडलं.

"मी कुठं एकटी हाय? तुज्याच गाडीनं चालले न्हवं."

बस सुटली तेव्हा ती मागच्या खिडकीत होती, आणि मला उगाचच दप्तर घेतलेली एक मुलगी दिसत राहिली.