रम्याने हिस्टरी घेतली

रम्याला दहावीत गणितात अठ्ठ्याण्णव मार्क पडले आणि तिथेच घोटाळा झाला. २००४ सालची गोष्ट. वेलचेरीतल्या त्यांच्या फ्लॅटवर ओळखीचे लोक यायचे, लाडू खायचे आणि ती कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणार ते परस्पर ठरवून जायचे. तिचे वडील बालाजीराव बँकेत अधिकारी. मूळचे तंजावरचे मराठी. घरात बोलणं मराठीत सुरू व्हायचं आणि भांडण तमिळमध्ये संपायचं.

चौथ्या दिवशी रम्या म्हणाली, “अप्पा, मी कॉमर्स घेते. चौथा विषय हिस्टरी.”

“बिझनेस मॅथ्स,” अप्पांनी दुरुस्ती केली.

“हिस्टरी.”

“का पण?”

“गणितात काही घडतच नाही. एक एक्स शोधला की दुसरा हरवतो.”

तिची आई, तुळसी, हसू लपवायला फ्रिज उघडून उभी राहिली.

अप्पांपेक्षा मोठी अडचण शाळेत होती. हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, दहा मुलं असतील तरच हिस्टरीचा वर्ग. आदल्या वर्षी सहाच आली होती, म्हणून हिस्टरीच्या अन्नपूर्णा मिसना लायब्ररीत पुस्तकांवर नंबर चिकटवायला बसवलं होतं. रम्याने आठवड्याची मुदत मागून घेतली.

प्रवेशाचे फॉर्म घ्यायला मुलं रांगेत उभी असत. रम्या रोज त्या रांगेला चिकटायची. एकीला तिने सांगितलं, या विषयाला लॉगॅरिदम लागत नाही. दुसरीला एका किल्ल्याच्या वेढ्याची गोष्ट सांगायला घेतली आणि आतलं धान्य संपत आलं तिथेच थांबली. “पुढचं वर्गात.” गुरुवारपर्यंत तिला धरून नऊ झाले.

शुक्रवारी बालाजीराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत आले. मुलीला हा विषय देऊ नका, असं हेडमिस्ट्रेसना सांगायचं होतं. बाहेरच्या बाकावर शेजारी राजगोपाल नावाचे चष्म्याचे दुकानदार बसले होते, मुलाचा फॉर्म मांडीवर घेऊन.

“त्या तिथल्या मुलीने आमच्या महेशला नादी लावलंय,” राजगोपाल म्हणाले. “हिस्टरी घे म्हणते. ज्यांना बेरीज येत नाही त्यांचा विषय तो.”

“तिला गणितात अठ्ठ्याण्णव आहेत,” बालाजीराव म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत?”

“माझी मुलगी आहे.”

राजगोपालनी त्यांच्याकडे नीट वळून पाहिलं. “आणि तुम्ही तिला घेऊ दिलीत?”

खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. पण परक्या माणसासमोर ते बालाजीरावांच्या तोंडून निघेना.

“विचार करूनच दिली,” ते म्हणाले.

मग तो विचार काय, हेही सांगणं आलं. त्यांनी वकिली सांगितली, कलेक्टरची परीक्षा सांगितली. तेवढ्यावर भागेना, तेव्हा म्हणाले, “आमची माणसं तंजावरला कशासाठी आली, किती पिढ्या झाल्या, घरात कुणाला धड सांगता येत नाही. मला तरी कुठे येतं? एकाने तरी शिकायला हवं.” हे आपल्या मनात होतं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

राजगोपालनी पेन काढून फॉर्मवर हिस्टरी लिहिलं. महेश दहावा.

एवढ्यात हेडमिस्ट्रेसनी आत बोलावून विचारलं, “आपलं काय काम होतं?”

“काही नाही. मुलीला घरी न्यायला आलो होतो.”

वर्ग केमिस्ट्रीच्या लॅबला लागून भरला. दोन वर्षं ती मुलं राज्यं आणि लढाया सडक्या अंड्यांच्या वासात शिकली. बारावीला रम्याला दोनशेपैकी एकशे त्र्याऐंशी मिळाले. उरलेले सतरा कुठे गेले, हे बालाजीराव महिनाभर विचारत होते.

एम.ए. झाल्यावर ती अड्यारच्या एका शाळेत हिस्टरी शिकवायला लागली. रविवारी ती पेपर तपासायला बसली की अप्पा शेजारी खुर्ची ओढतात, उत्तरं मोठ्याने वाचतात आणि मुलांच्या वतीने अर्ध्या-अर्ध्या मार्कासाठी तिच्याशी वाद घालतात. बहुतेक वेळा ती देत नाही.